परतीच्या तिकिटाला पडलेलं भोक

शॉमबर्ग, इलिनॉय
रविवार, २७ जुलै १९८६

चि. मीरा,
सप्रेम जयभीम.

विक्रम आणि तू वेगळे झालात त्याला चार वर्षं झाली, पण कागदावर 'सूनबाई' लिहायला निघालेला माझा हात अजून ऐकत नाही. म्हणून नुसतं मीरा लिहिलं. गोड मानून घे.

तुझी कंबर कशी आहे? थॉर्नबेकचा फलाट बुटका आहे, तिथे गाडीतून उडी मारत जाऊ नकोस. आधी पाय टेकव, मग वजन टाक. हॅरल्डचा गुडघा कसा आहे? ड्रायव्हर लोक बसून काम करतात, पण गुडघे पहिले त्यांचेच जातात, हे कोडं मला सुटलेलं नाही. नागपूरहून तुझ्या आईचं पत्र आलं का, साखर आटोक्यात आहे ना? आणि आपली ब्रिटिश रेलची गाडी कशी आहे? वीणा सांगत होती, जुने डबे गेले आणि नव्या गाडीला बसच्या खुर्च्या आहेत. असू दे. सून नवी असली की घराला थोडं कुरकुरावं लागतं.

माझं म्हणशील तर खोकला बरा आहे. इथे उन्हाळा खणखणीत आहे, त्यामुळे छाती मोकळी असते.

वीणा गुरुवारी सुखरूप पोचली. गळ्यात नावाची पाटी, हातात तू दिलेली पिशवी. तिला बघून विक्रम जागचा हलेना. शेवटी तीच पुढे झाली आणि म्हणाली, "हॅलो डॅड, तुमचे केस कुठे गेले?" तेव्हा कुठे हसला बिचारा.

पोरी, तुझे आभार मानायला माझ्याजवळ शब्द कमी आहेत. वकिलानं नको म्हटलं होतं, तुझ्या बहिणीनं नको म्हटलं होतं. तू माझ्या भरवशावर अकरा वर्षांचं लेकरू समुद्रापलीकडे पाठवलंस. एवढंच म्हणालीस, "बाबा, चोवीस ऑगस्टला परत हवी, तिची मोठी शाळा सुरू व्हायची आहे." मी हो म्हटलंय. निश्चिंत राहा.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही दिवाणखान्यात गाडी केली. खुर्च्या एकामागे एक लावल्या. सुलेखाही बसली. सुलेखा म्हणजे विक्रमची आताची बायको, इथल्या दवाखान्यात नर्स आहे. मनानं चांगली आहे. तुला ऐकायला बरं वाटणार नाही, पण खरं ते खरं. वीणाला ड्रायव्हर व्हायला सांगितलं तर म्हणे, "नो, ममसारखी गार्ड." मग गाडीला दोन गार्ड झाले आणि ड्रायव्हर कोणीच नाही. निवृत्तीच्या दिवशी डेपोनं दिलेला तिकिटं पंच करायचा चिमटा मी ट्रंकेतून काढला. सुलेखानं दुकानाची पावती पुढे केली, वीणानं तिच्या पर्समधून तिकीट काढलं. सगळ्यांची रीतसर तपासणी झाली. फार दिवसांनी हाताला बरं वाटलं.

बाकी विशेष काही नाही.

तुझा,
बाबा


शॉमबर्ग
बुधवार, ६ ऑगस्ट १९८६

चि. मीरा,
सप्रेम जयभीम.

वीणाचं वजन वाढलंय. सुलेखा तिला सकाळी पॅनकेक करून घालते आणि मला उपमा. वीणा माझ्या ताटलीतला उपमा खाते आणि मी तिचे पॅनकेक. सुलेखा म्हणते, "बाबा, मग मी दोन्ही कशाला करते?"

सोमवारी आम्ही दोघं आगगाडीनं शिकागोला जाऊन आलो. इथल्या गाड्या दुमजली असतात. कंडक्टर आला, तिकीट म्हणाला, आणि माझा हात सवयीनं आतल्या खिशात गेला. त्याच्यापुढे ब्रिटिश रेलचा निवृत्तांचा पास धरला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यानं पास उलटसुलट बघितला आणि गंभीरपणे म्हणाला, "सर, ही गाडी तिकडे जात नाही." वीणा खिडकीकडे तोंड करून गदगदा हसायला लागली. मी लाजून पाकीट काढलं तर विचारतो कसा, किती वर्षं केलीत? म्हटलं, एकवीस. त्यानं टोपीला हात लावला आणि माझे पैसे घेतले नाहीत. वीणाचे मात्र घेतले. "तिची अजून एकही नाही झाली," म्हणाला.

विक्रमही तिला खूप फिरवतो. मोठा तलाव झाला, वस्तुसंग्रहालय झालं. परवा येता येता एक शाळाही दाखवली. आतच पोहण्याचा तलाव आहे, पाणी निळंशार. वीणाला आवडला. कोणालाही आवडेल. असो.

विक्रम अधूनमधून तुझ्या नोकरीची चौकशी करतो. काल जेवताना म्हणाला, "शाळा सुटली की पोर घरी न जाता दोन डब्यांच्या गाडीत बसून अभ्यास करते. हे काय बालपण आहे, बाबा? आणि उद्या सरकारनं ती लाइनच कॅन्सल केली तर?" मी म्हटलं, तू वरण घे.

रागावू नकोस त्याच्यावर. मीही रागावलो नाही. पण रात्री पडल्या पडल्या मनात उत्तर जुळवत होतो, ते तुला लिहितो, कारण त्याला सांगितलं की तो घड्याळ बघतो.

तिकडे ब्रिटिश रेलनं हल्ली खाती वेगळी केली आहेत म्हणतात. लांब पल्ल्याच्या झोकदार गाड्यांचं एक, लंडनच्या आसपासचं एक, आणि उरलेल्या आडगावच्या सगळ्या गाड्यांचं हे तुमचं 'प्रोव्हिन्शियल'. म्हणजे पंगतीत शेवटचं पान. वाढपी तिथवर येईतो भात गार झालेला असतो. पण त्याच पानावर आपण जेवलो. मी चौथी शिकलेला, नागपूरच्या गिरणीतून गेलेला माणूस. इंग्रजी मला रेल्वेच्या नियमपुस्तकानं शिकवलं, आणि चुका हॅरल्डनं दुरुस्त केल्या, शिव्यांसकट. माझ्या बापाला गावातला गाडीवान बैलगाडीत बसू देत नसे, चाकाला विटाळ होईल म्हणून. आणि तिथे मी मागून दोनदा घंटा दिल्याशिवाय हॅरल्ड गाडी इंचभर हलवत नसे. तोंडानं काहीही बडबडो, घंटेची वाट बघत असे. सरकारी गाडीनं मला हे दिलं. पेन्शन तर वरची चटणी.

आणि तू तर तीच टोपी घातलीस. तुम्ही वेगळे झाल्यावर तुला वर्गणी काढून भारतात परत पाठवू म्हणणारे होते की लोक. तू डेपोत जाऊन अर्ज देऊन आलीस.

औषध वेळेवर घे. वीणा मजेत आहे.

तुझा,
बाबा


शॉमबर्ग
सोमवार, ११ ऑगस्ट १९८६

मीरा पोरी,

आज मायना नाही, ख्यालीखुशाली नाही. हे पत्र जादा तिकिटं लावून एक्स्प्रेस पाठवतोय.

काल तू फोनवर विक्रमला म्हणालीस, "हे तू मुद्दाम केलंस." मग मला बोलावलंस आणि म्हणालीस, "बाबा, माझी पोर मला परत पाठवा," आणि फोन ठेवलास. मी उत्तर देऊ शकलो नाही, कारण विक्रम दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि वीणा जिन्यात बसली होती. आता देतो.

तिकिटाचं भोक विक्रमनं पाडलेलं नाही. मी पाडलं.

पहिल्या पत्रात खेळाचं लिहिलं होतं ते आठव. वीणानं पर्समधून काढलं ते खेळातलं तिकीट नव्हतं, तिचं विमानाचं परतीचं तिकीट होतं. माझ्या लक्षात आलं नाही असंही म्हणता येत नाही. मला दिसलं. पण पोरी, तू तरी सांग, आपल्या धंद्यात भोक पाडलेलं तिकीट म्हणजे काय? खरं तिकीट. कोरं असतं तेच संशयाचं. एकवीस वर्षं ज्याला भोक पाडलं ते पुढे गेलं. मी मोठ्या मायेनं, अगदी मधोमध चिमटा दाबला.

शुक्रवारी विक्रम जागा पक्की करायला तिकीट घेऊन बसला, तर भोक नेमकं नंबरातून आरपार गेलेलं. त्यानं विमान कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, असं तिकीट आम्ही घेत नाही. विक्रमनं माझ्याकडे बघितलं, मग तिकिटाकडे. आणि मीरा, त्याच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. सुटल्यासारखा दिसला. 

हेही आता लपवत नाही. शाळा त्यानं "येता येता" दाखवलेली नव्हती. नाव घालण्याचं बोलूनच आला होता. इथल्या शाळा पंचवीसला उघडतात. तो मला म्हणाला, "मी तिला पळवली नाही, बाबा. तिकीट रद्द झालं, त्याला मी काय करू? राहू दे वर्षभर. मीराला कळेल की तिलाही सोपं जातंय." म्हणजे पाप माझ्या चिमट्याचं आणि पुण्य त्याच्या पदरात.

तो वाईट नाही. चार वर्षं लेकीचं तोंड न बघितलेला बाप आहे, आणि आता रोज सकाळी ती त्याच्या समोर दात घासते. दुधात पडलेली साखर कोणाला काढावीशी वाटेल? पण शब्द तुला मी दिलाय, आणि तूच तो मागायला हक्काची आहेस. तुझ्या सासूच्या, मालिनीच्या, शेवटच्या आजारात घटस्फोटाचे कागद तुझ्या टेबलावर होते, आणि तू ड्यूटी संपवून येऊन तिचे पाय चोळत बसायचीस. मी म्हटलं होतं, पोरी, आता तुझं हे काम नाही. तू म्हणालीस, "माझं घटस्फोटाचं त्यांच्याशी काही बोलणं झालेलं नाही." ते मालिनी मरेपर्यंत हसून सांगायची. मी जिवंत आहे तोवर विसरणार नाही.

गुरुवारी मी स्वतः विमान कंपनीच्या शिकागोच्या कचेरीत जातो. वीणाला घेऊन. विक्रमला सांगितलेलं नाही.

बाबा


शॉमबर्ग
रविवार, ३१ ऑगस्ट १९८६

चि. मीरा,
सप्रेम जयभीम.

वीणा पोचल्याचा तुझा फोन आला, त्या रात्री महिनाभरात झोपलो नव्हतो तसा झोपलो. फोनवर तुला रडू येत होतं आणि मला ऐकू कमी येत होतं, त्यामुळे झालेलं काहीच सांगता आलं नाही. आता बैजवार लिहितो.

गुरुवारी सकाळी विक्रम कामावर गेल्यावर मी कोट चढवला. सुलेखा गाडीची किल्ली घेऊन दारात उभी. म्हणाली, "बाबा, स्टेशनवर मी सोडते. कुठे चाललात ते मला सांगू नका, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही." वाटेत तिनं वीणाला सँडविच दिलं आणि मला त्या कचेरीचा पत्ता. मी तिचं जे देणं लागतो ते या जन्मी फिटेल असं वाटत नाही.

कचेरीत एक पोक्त बाई होत्या. मी तिकीट ठेवलं. त्यांनी ते उजेडासमोर धरलं, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हे काय? मी खिशातून चिमटा काढला, त्यांच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदाला एक भोक पाडून दाखवलं. म्हटलं, हे मी केलं, मी गार्ड आहे. त्या म्हणाल्या, "कुठल्या विमानाचे?"

वीणानं सगळं समजावून सांगितलं. ब्रिटिश रेल काय, थॉर्नबेकची लाइन काय, मम काय, आजोबा काय. शेवटी म्हणाली, "ही इज नॉट अ क्रिमिनल, ही इज जस्ट डॅफ्ट." मला येडपट ठरवलेलं ऐकून बाई हसल्या, पण म्हणाल्या, या भोकासाठी माझ्याकडे नियम नाही, आणि मूल एकटं प्रवास करतंय. आई किंवा वडील इथे येऊन सही करतील तर आत्ता नवं तिकीट देते. नाहीतर नाही.

 आजोबाची सही चालत नाही, हे कळायला मला शिकागोपर्यंत जावं लागलं.

वीणानं बाईंचा फोन मागून घेतला आणि विक्रमच्या ऑफिसचा नंबर फिरवला. मी नको म्हणेपर्यंत बोलून मोकळी. "डॅड, मी आणि आजोबा एअरलाइनच्या ऑफिसात आहोत. तुमची सही हवीय. नाही, हरवलो नाही. हो, ते ठीक आहेत, पण पांढरे पडलेत."

तासाभरात विक्रम आला. टाय एका बाजूला, तोंड लाल.

"मला विचारायचं तरी, बाबा."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

तो वळला. वीणापुढे उकिडवा बसला. लहानपणी तिच्या बुटाची नाडी बांधायला बसायचा तसा. म्हणाला, "बेटा, खरं सांग. इथे तुला काय कमी आहे?"

ती म्हणाली, "नथिंग. इथे सगळं आहे. स्विमिंग पूल आहे."

"मग?"

"मी नाही गेले तर मम घरी एकटी येईल. आता आम्ही दोघी येतो. शाळा सुटली की मी ममच्या गाडीत मागच्या सीटवर होमवर्क करते. मिसेस ॲशवर्थ स्पेलिंग तपासतात, बाकीचे पॅसेंजर माझे टेबल्स ऐकतात. सात नव्वे मला यायचं नाही, अख्ख्या डब्यानं शिकवलं. मग शेवटच्या स्टेशनला मम डबा बघते, मी राहिलेल्या छत्र्या गोळा करते, आणि आम्ही घरी जातो." पुढे म्हणाली, "डॅड, तुम्ही मला विचारलंत ना, म्हणून सांगितलं. आजोबांनी विचारलंच नव्हतं."

हे दुसरं वाक्य मलाच होतं. बरोबर होतं. आम्ही तिघंही तिच्या नावानं भांडत होतो आणि तिला कोणीच विचारलेलं नव्हतं.

विक्रम उठला, पेन काढलं, सही केली. का केली ते मी विचारलं नाही. बाईंनी नवं तिकीट पाकिटात घालून वीणाच्या हातात दिलं आणि मला म्हणाल्या, "मिस्टर पंडित, तो चिमटा खिशात ठेवा."

येताना विक्रमनं आम्हाला गाडीतून आणलं.  अर्ध्या वाटेवर आरशातून वीणाकडे बघत म्हणाला, "मिसेस ॲशवर्थ अजून त्या गाडीला येतात?"

"एव्हरी डे."

"अजून चूक सापडली की पेन्सिलीनं बोटावर मारतात?"

वीणा ओरडली, "तुम्हाला कसं माहीत?"

त्यानं नजर पुन्हा रस्त्यावर नेली. वीणा माझ्याकडे बघायला लागली. मी बाहेर बघितलं. मालिनी तिकडच्या गिरणीत संध्याकाळच्या पाळीला असायची, तेव्हा हा गृहस्थ कुठे बसून अभ्यास करायचा ते मी सांगायला हवं होतं का? त्याचं त्यानं सांगावं. रात्री त्यानं सांगितलं असावं, कारण तिच्या खोलीतून बराच वेळ दोघांचं हसणं येत होतं.

पुढचे दहा दिवस त्यानं सुट्टी टाकली. शाळेत जाऊन नाव काढून आला. आणि चोवीस तारखेला विमानतळावर स्वतःच तिची बॅग धरली, मला हात लावू दिला नाही. वीणानं त्याला सांगितलं, "पुढच्या समरला मी येईन, पण तुम्ही ममला आधी विचारा. आणि नीट विचारा." तो म्हणाला, "हो, मॅडम." विमान सुटून गेलं तरी काचेपाशी उभा होता. सुलेखानं त्याचा हात धरला, तेव्हा निघाला.

तर पोरी, असं झालं. तुझे आभार मानायचे ते तर मी मानतोच. पाठवलीस म्हणून, आणि अशी वाढवलीस म्हणून. त्या दोन डब्यांतल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग. ज्यांनी सात नव्वे शिकवलं त्यांना दोनदा सांग. हॅरल्डला सांग की त्याचा म्हातारा गार्ड अजून चुका करतो आणि अजून त्या निभावून नेणारी माणसं भेटतात.

आता एक शेवटचं, आणि मग पुरे करतो. इथे टपालाची पेटी रस्त्याच्या कडेला खांबावर असते. टपाल दुपारी येतं. गेल्या सोमवारपासून विक्रम दुपारचं जेवायला घरी यायला लागलाय. चार वर्षांत कधी आला नव्हता. आधी पेटी उघडतो, विजेची बिलं चाळल्यासारखं करतो, मग आत येऊन म्हणतो, "बाबा, आज काही नाही." मी विचारलेलं नसतं.

म्हणून या खेपेला पाकिटावर माझं नाव घालू नकोस, त्याचं घाल. त्याला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. चार ओळी पुरेत. वीणा काय खाते, मोठी शाळा कशी आहे, पहिल्या दिवशी कुठल्या गाडीनं गेली. लवकर लिही. उत्तर मला नको आहे. त्याला मिळालेलं दिसलं की मला पोचलं.

तुझा,
बाबा